मफल फर्नेसची तार जळाली: बाहेरून वाइंडिंग करून घ्यावं का? (सोबत डिस्टिलेशनचा एक प्रश्न)

रसायन_शहादा

नमस्कार मंडळी,

आमच्या रसायनशास्त्र विभागातली मफल फर्नेस (नमुने जाळायची विजेची भट्टी) बंद पडली आहे. आतलं माप ९ × ४ × ४ इंच. प्लेटवर २३० व्होल्ट, २ किलोवॅट, कमाल १००० अंश सेल्सिअस असं कोरलंय. जुन्या पद्धतीची आहे: चौकोनी मफल, त्यावर बाहेरून तार गुंडाळलेली, वरून सिमेंट, भोवती पांढरं इन्सुलेशन आणि खाली काट्याचा ऑन-ऑफ कंट्रोलर. दिवा लागतो, पण काटा हलत नाही.

बंद पडायच्या आधी दोन गोष्टी दिसत होत्या. ९०० पर्यंत जायला पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागायचा. आणि काटा ९२० वर असताना पोर्सिलेन क्रुसिबलचं ग्लेझ मऊ होऊन ती तळाला चिकटायची.

भट्टीत मातीचे आणि पानांचे नमुने जाळून राख काढतो. प्रोजेक्टची मुलं केळीच्या खुंटापासून झिंक क्लोराइड वापरून ॲक्टिव्हेटेड कार्बनही करतात.

सर्व्हिसचं दरपत्रक नव्या भट्टीच्या निम्म्या किमतीच्या वर गेलंय. म्हणून विचारते:

१. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तार बदलून घेतली तर टिकेल का? तार कोणती, किती?
२. कंट्रोलर बदलायचा झाला तर काय घ्यावं?
३. डिस्टिलेशन सेटच्या हीटरवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काही आठवड्यांतच चढतो. तो कसा काढावा?

वर्कशॉप_जळगाव

मॅडम, दरपत्रक बाजूला ठेवा आणि आधी मोजमाप करा. मफलची तार सहसा आपोआप मरत नाही, तिला काहीतरी मारतं. ते कारण तसंच राहिलं तर नवी तारही त्याच वाटेनं जाईल.

तुमच्या दोन लक्षणांतच बरंच काही आलंय. ग्लेझ केलेलं पोर्सिलेन साधारण १०५० अंशांपर्यंत चालतं, त्यानंतर ग्लेझ मऊ पडतं. काटा ९२० दाखवत असताना ते चिकटत असेल तर आत १०५० च्या वर होतं. म्हणजे थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) किंवा त्याची वायर सव्वाशे-दीडशे अंश कमी सांगत होती. 'दुप्पट वेळ' त्यामुळेच लागत होता. भट्टी ९०० वर कधीच पोचलेली असायची, काटा मागून यायचा. तोपर्यंत तार तिच्या मर्यादेपलीकडे तापायची.

प्लग काढून, भट्टी पूर्ण थंड करून एवढं बघा:

तारेचा रेझिस्टन्स. दोन्ही टोकं सोडवून मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर लावा. २ किलोवॅटला हिशेब २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४ ओहम यायला हवेत. तार तुटली असेल तर काहीच येणार नाही.

बॉडीशी गळती. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) तार आणि पत्रा यांच्यामध्ये. कोरड्या भट्टीला १ मेगाओहमपेक्षा जास्त यावं. पावसाळ्यात बंद पडून राहिलेली भट्टी याच्या बरीच खाली दाखवते, कारण इन्सुलेशन ओल धरतं. तो बिघाड नव्हे, वाळवली की सुटतो.

कंट्रोलर. थर्मोकपलच्या दोन टर्मिनलमध्ये तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून शॉर्ट करा. कंट्रोलर चांगला असेल तर खोलीचं तापमान दाखवेल. तसं दाखवलं तर दोष थर्मोकपलकडे किंवा वायरकडे.

थर्मोकपलची वायर. डोक्यापासून (भट्टीबाहेरच्या जोडणीपासून) कंट्रोलरपर्यंत के टाइपची (के जातीच्या थर्मोकपलसाठीच्या खास धातूंची) कॉम्पेन्सेटिंग केबल आहे की साधी तांब्याची, ते नीट पाहा. कंट्रोलर खोलीचं तापमान स्वतःच्या टर्मिनलपाशी मोजून जमेला धरतो. तांब्याची वायर असेल तर डोकं आणि टर्मिनल यांच्यातला फरक पूर्ण गिळला जातो. भट्टीच्या पाठीमागे डोकं ८० अंशांवर आणि कंट्रोलर ४० वर असेल तर वाचन ४० नं कमी.

जुनं इन्सुलेशन काढताना सांभाळा. जुन्या भट्ट्यांत दाराची दोरी आणि पत्रे ॲसबेस्टॉसचे असू शकतात. कोरडं ओढू नका, स्प्रेनं पाणी मारून ओलं करा, पी १०० फिल्टरचा मास्क लावा (ॲसबेस्टॉसला एन ९५ पुरत नाही), निघालेला माल दुहेरी पिशवीत बांधा. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. सिरॅमिक फायबरही बरीच वर्षं तापलेलं असेल तर त्यात क्रिस्टोबलाइट तयार होतं, त्यालाही हीच काळजी.

तार उघडी पडली की कुठे तुटली, जाडी किती (मायक्रोमीटरनं, गंज खरवडून), वेढे किती, चुंबक चिकटतो का आणि तुटलेल्या टोकाचा रंग, एवढं इथे लिहा. मग तारेचं बोलू.

रसायन_शहादा

सर, उघडून पाहिलं.

तार दारापासून दुसऱ्या-तिसऱ्या वेढ्यात, वरच्या बाजूला तुटली आहे. तुटलेल्या टोकाशी हिरवट-पांढरी पूड. जाडी सगळीकडे ०.९ मिमीच्या आसपास. ३२ वेढे. मफलचा बाहेरचा घेर ५० सेंमी, वर खाचा नाहीत. चुंबक चिकटत नाही. डेड स्टॉक रजिस्टरात बऱ्याच वर्षांपूर्वी बाहेरून वाइंडिंग केल्याची नोंद आहे. थर्मोकपलच्या डोक्यापासून साधी ट्विन फ्लेक्स वायर आहे. थर्मोकपलचं म्यान टोकाला खवले सुटून पातळ झालंय. कंट्रोलर शॉर्ट केल्यावर खोलीचं तापमान बरोबर दाखवतो.

वाइंडिंग_भुसावळ

रामराम मॅडम. वर सरांनी सांगितलंय ते सोळा आणे. आता तारेचं मी सांगतो. ह्या कामले घाई चालत नही.

चुंबक चिकटत नाही म्हणजे जुनी तार नायक्रोम, ८०-२० ची (८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम). ०.९ मिमी म्हणजे २० नंबर (एसडब्ल्यूजी या तारेच्या मापात ०.९१४ मिमी; नंबर लहान तितकी तार जाड). ३२ वेढे गुणिले ५० सेंमी म्हणजे १६ मीटर. या तारेला मीटरला १.६६ ओहम, म्हणजे एकूण २६.५. रेझिस्टन्स अगदी बरोबर आणि तरीही वाइंडिंग चुकीचं! दुकानदार ओहम जुळवतो आणि हातात असलेली बारीक तार लावतो. पण बघायचं असतं ते तारेच्या पृष्ठभागावर पडणारं ओझं. १६ मीटर बारीक तारेचा पृष्ठभाग सुमारे ४६० चौ. सेंमी. त्यातून २००० वॅट काढायचे म्हणजे दर चौ. सेंमीला ४.४ वॅट. सिमेंटखाली गाडलेल्या तारेला ९०० अंशांच्या भट्टीत हे फार झालं. तार भट्टीपेक्षा खूपच जास्त तापते. २ ते २.५ वॅटच्या आसपास ठेवा.

कँथल ए-१ (लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियमची हीटरची तार), १८ नंबर (१.२१९ मिमी) घ्या. हिशेब असा:

क्षेत्रफळ १.१६७ चौ. मिमी. रोधकता १.४५, म्हणून मीटरला १.२४ ओहम.
२६.४ भागिले १.२४ म्हणजे २१.३ मीटर.
पृष्ठभाग सुमारे ८१५ चौ. सेंमी, ओझं २.४५ वॅट. बरोबर बसतं.

२० नंबरची कँथल घेतली तर १२ मीटरमध्येच ओहम भरतात आणि ओझं ५.८ वर जातं, म्हणजे आत्तापेक्षा वाईट. १६ नंबर घेतली तर ३८ मीटर लागेल, तेवढी या मफलवर मावणार नाही.

तार वजनावर मिळते. कँथलची घनता ७.१, म्हणून १८ नंबरची २०० ग्रॅम तार साधारण २४ मीटर भरते. २१.३ मीटर वेढ्यांना, दोन्ही टोकं दुहेरी करायला १.६ मीटर, उरलेला मीटरभर तपासणीला. विकत घेतानाच तपासा: कँथलला चुंबक चिकटतो, ८०-२० नायक्रोमला चिकटत नाही. मग मीटरभर तुकडा मोजून १.२४ ओहमच्या आसपास येतोय का पाहा. १८ नंबर नायक्रोम ०.९३ दाखवेल. मीटरच्या प्रोबचे स्वतःचे ०.२-०.३ ओहम आधी वजा करा.

वेढे ४२ पडतील. सगळे सारख्या अंतरावर घेऊ नका. दाराकडून उष्णता जाते, म्हणून पुढचे ६० मिमी ४ मिमी अंतरानं (१५ वेढे) आणि उरलेले १६५ मिमी ६ मिमी अंतरानं (२७ वेढे). मफलवर खाचा नाहीत ना, मग पेन्सिलीनं खुणा करा आणि तारेसोबत सुतळी गुंडाळा. पुढच्या भागाला सुमारे पावणेतीन मिमी जाडीची, मागच्या भागाला पावणेपाच. अंतर आपोआप राखलं जातं. पहिला पातळ सिमेंटचा हात देऊन तो धरला की सुतळी अलगद उलगडून काढा आणि फटी भरा.

तार ताणून गुंडाळायची नाही. १००० अंशांना ती दीड टक्का वाढते, म्हणजे ५० सेंमीच्या एका वेढ्याला ७ मिमी. मफल तेवढी वाढत नाही. सैल झालेला वेढा सिमेंटनं धरला नाही तर उचलून शेजारच्याला टेकतो, आणि दोन वेढे टेकले की तिथे ठिणगी.

टोकं: तार दुप्पट करून पीळ द्या, मग ती भिंतीतून बाहेर येईपर्यंत थंड राहते. बाहेर स्टेनलेसचा नटबोल्ट, दोन्हीकडे वॉशर, पोर्सिलेनचं टर्मिनल. डाग द्यायचा नाही. पुढे काचेच्या स्लीव्हची किंवा सिलिकॉनची वायर. पीव्हीसी वायर तिथे वितळते.

वर्कशॉप_जळगाव

आप्पा, तारेच्या नंबरावर तुमच्याशी पूर्ण सहमत. कँथल की नायक्रोम, यावर थोडं वेगळं सांगतो, कारण निवड वापरावरून ठरते.

नायक्रोम जळाल्यावरही लवचीक राहतं, सांधता येतं. कँथल एकदा तापलं की आतले कण मोठे होऊन काचेसारखं ठिसूळ होतं. थंडपणी वाकवलं की मोडतं. त्यामुळे कँथलच्या भट्टीत नंतर हात घालायचा नाही, गुंडाळताना जे वाकवायचं ते एकदाच. पण गंधक असलेले नमुने (कोळसा, काही माती) जळत असतील तर नायक्रोममधल्या निकेलला गंधक खातं. कँथलवर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर असतो, तो गंधकाला बरा तोंड देतो. मॅडमच्या कामाला कँथलच ठीक.

आता खरं कारण. तुटलेल्या टोकावरची हिरवट-पांढरी पूड आणि खवले सुटलेलं म्यान, दोन्ही झिंक क्लोराइडकडे बोट दाखवतात. झिंक क्लोराइड ७३२ अंशांना उकळतं. त्याच्या खूप आधीपासून वाफ सुटते, पाण्याच्या वाफेसोबत हायड्रोक्लोरिक ॲसिडही. मफलच्या फटींतून आणि दाराकडून ही वाफ तारेपर्यंत जाते. क्लोराइड क्रोमियमचा आणि ॲल्युमिनियमचा संरक्षक थर फोडतं, कँथल असो की नायक्रोम. त्यात केळीच्या खुंटात पोटॅशियम भरपूर. राखेतली पोटॅशियमची क्षारं तापल्यावर तोच थर खातात आणि मफलही खातात.

दुसरं, कार्बनच्या कामात भट्टीतला ऑक्सिजन संपतो. के थर्मोकपलमधला क्रोमेल (निकेल-क्रोमियमचा पाय) ८०० ते १०५० अंशांत कमी ऑक्सिजनमध्ये आतून हिरवा गंजतो आणि मिलिव्होल्ट कमी देऊ लागतो. म्हणजे तुमच्या सव्वाशे-दीडशे अंशांचा हिशेब लागला: काही भाग ट्विन फ्लेक्सचा, बाकीचा थर्मोकपल सडल्याचा.

म्हणून माझं स्पष्ट मत: झिंक क्लोराइडचं काम या भट्टीत पुन्हा करू नका. त्यासाठी वेगळी नळीची भट्टी बांधा, क्वार्ट्झ किंवा म्युलाइटची नळी, एका बाजूनं नायट्रोजन, दुसऱ्या बाजूनं निघणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या बाटलीतून. तार नळीच्या बाहेर राहते, वाफ तिला शिवत नाही. तोपर्यंत निदान फॉस्फरिक ॲसिडची पद्धत ४५० ते ५०० अंशांत, झाकण लावलेल्या क्रुसिबलमध्ये, स्वतंत्र ओव्हनवजा भट्टीत करा. राखेसाठीही नमुना आधी हूडखाली हॉट प्लेटवर धूर संपेपर्यंत जाळून घ्या आणि मगच मफलमध्ये ठेवा. मफलच्या तळाला ॲल्युमिनाची पातळ फरशी टाका. सांडलं तर फरशी बदलते, मफल वाचते.

सिमेंटबद्दल एक: जास्त ॲल्युमिनाचं, लोह १ टक्क्याखालचं घ्या. साधी फायरक्ले नको, तिच्यातलं लोह कँथलला डाग पाडून खातं. पाणकाच, म्हणजे सोडियम सिलिकेट, बाइंडर म्हणून अजिबात नको, दुकानदार कितीही म्हणाला तरी. डिस्टिल्ड पाण्यात श्रीखंडाइतकं घट्ट कालवा, तारेवर ४-५ मिमी थर. उन्हाळ्यात करत असाल तर ओलं गोणपाट टाकून एक-दोन दिवस सावलीत वाळू द्या. मेच्या वाऱ्यात उघडं ठेवलं तर तासाभरात पापुद्रे धरतं. वरून १२८ किलो घनतेचं २५ मिमी सिरॅमिक ब्लँकेट, तीन थर, सांधे एकावर एक न येऊ देता.

पहिला जाळ:
दार किंचित उघडं ठेवून ११० अंशांवर ५-६ तास. वाफ दिसायची थांबेपर्यंत पुढे जाऊ नका.
२५० आणि ६०० वर तासतासभर.
मग मिनिटाला ५ अंशांनी ९५० पर्यंत, भट्टी रिकामी, ८ तास. तार भट्टीपेक्षा जास्त तापलेली असते, तेवढ्यात तिच्यावर ॲल्युमिनाचा थर नीट धरतो. हा थर धरायच्या आधी नमुना ठेवू नका.

भौतिक_धुळे

कंट्रोलर आणि विजेचं मी लिहितो, कारण भट्ट्यांत आग आणि झटका याच बाजूनं येतो.

कंट्रोलर ९६ × ९६ मिमीचा पीआयडी (तापमान जवळ आलं की जाळ हळूहळू कमी करणारा) घ्या (पॅनेलचं छिद्र ९२ × ९२), के इनपुट, एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) आउटपुट, रॅम्प-सोकची (ठरल्या वेगानं चढवून ठरला वेळ धरायची) सोय असलेला. एसएसआर २५ नव्हे, ४० अँपिअरचा. तुमचा करंट ८.७ अँपिअर आहे, पण आपल्याकडे मेमध्ये पॅनेलच्या आत ५५ अंश सहज होतात आणि गरम एसएसआरची क्षमता झपाट्यानं उतरते. त्यात सुमारे ११ वॅट उष्णता निघते. २ अंश प्रतिवॅटचं हीटसिंक लावा, पंख उभे, खाली-वर हवेला वाट. एसएसआर आणि सिंकमध्ये थर्मल पेस्ट. सायकल टाइम २ सेकंद. जुना कॉन्टॅक्टर (कंट्रोलरनं चालणारा मोठा स्विच) आउटपुटला ठेवणार असाल तर २० सेकंद, नाहीतर त्याचे पॉइंट जळतात.

आता लक्ष द्या: एसएसआर मरतो तेव्हा बहुतेकदा बंद न होता चालूच राहतो. कंट्रोलर शून्य देतो आणि भट्टी तापतच जाते. दुसरा धोका, थर्मोकपल तुटलं तर कंट्रोलरला कळतं, शॉर्ट झालं तर कळत नाही. तो खोलीचं तापमान दाखवत पूर्ण जाळ देतो. तिसरा, दोन वायरी उलट लागल्या तर तापत असताना आकडा उतरतो. म्हणून दुसरं, वेगळं थर्मोकपल आणि साधा ऑन-ऑफ कंट्रोलर लावा, १०२० वर सेट, तो कॉन्टॅक्टर तोडेल आणि हातानं रीसेट केल्याशिवाय परत लागणार नाही. तुमचा जुना कंट्रोलर चांगला आहे म्हणता, तो इथेच वापरा.

दाराला लिमिट स्विच हवाच, आणि तो कॉन्टॅक्टरमार्फत फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. लाल झालेली मफल वीज वाहू लागते. आत चिमटा लावताना तार जिवंत असेल तर झटका बसतो, आणि प्लगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर एकपदरी स्विच काही वाचवत नाही. १६ अँपिअर सी-कर्व्हचा एमसीबी, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). पावसाळ्यानंतर पहिल्यांदा लावताना तो ट्रिप होईल. त्याला बायपास करायचं नाही. बाहेरून पोर्टेबल हीटर किंवा बल्बनं दिवसभर उब देऊन भट्टी वाळवायची, मेगर पुन्हा बघायचा.

अर्थिंगचं आपल्याकडे विशेष. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते, त्यामुळे पावसात चांगली असलेली अर्थ मेमध्ये नुसती नावाची उरते. खड्ड्यात बेंटोनाइट भरून घ्या, वरून पाणी घालायची नळी ठेवा. भट्टी चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टच्या वर गेलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

व्होल्टेजही लिहून ठेवत जा. शेतीपंप सुरू असताना लाइन २०५ वर आली तर तुमची २ किलोवॅटची भट्टी १.६ ची होते. मग 'तापत नाही' म्हणून तार उचकटून बघण्यात अर्थ नाही.

ऑटोट्यून (पीआयडी स्वतःची सेटिंग जुळवतो ते) ७०० ते ८०० च्या दरम्यान, दार बंद, नेहमीच्या क्रुसिबल ठेवून. खोलीच्या तापमानाला केलेलं ऑटोट्यून ९०० वर उपयोगाचं नसतं.

तापीकाठ_चोपडा

डिस्टिलेशनचं थोडक्यात. थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ६०-७० अंशांना, फेस थांबेपर्यंत, मग दोनदा धुऊन पहिलं अर्धा लिटर डिस्टिलेट फेकून द्या. स्टेनलेसच्या हीटरवर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकू नका, क्लोराइडनं बारीक भोकं पडतात. खरवडूही नका.

खरा उपाय म्हणजे बॉयलरला आरओचं पाणी द्या. थर जवळजवळ थांबतो. कंडेन्सरला मात्र बोअरचंच चालेल, आणि ते वाया घालवू नका. ताशी ४ लिटरच्या सेटमधून सुमारे २.५ किलोवॅट उष्णता पाण्यात जाते. पाणी २० अंशांनी तापू दिलं तरी तासाला १०० लिटरच्या वर मोरीत जातं. ५०० लिटरची टाकी, छोटा पंप आणि परतीची नळी लावली तर टाकी तासाला ४-५ अंशच चढते. सकाळी तीन तास चालवून रात्रभर थंड होऊ द्या. टाकी सावलीत, पांढऱ्या रंगाची. आणि लो-वॉटर कटऑफ आहे ना ते पाहा. लाइटसोबत पाणी गेलं, मग लाइट आली आणि पाणी नाही, की हीटर कोरडा जळतो.

रसायन_शहादा

सर्वांचे मनापासून आभार. कँथलची २०० ग्रॅम तार, ॲल्युमिना सिमेंट, ब्लँकेट, नवं थर्मोकपल आणि केबल असं पत्रक खरेदी समितीकडे देते आहे. झिंक क्लोराइडचं काम आजपासून बंद.

एक शेवटचं: भट्टी लागल्यावर दाखवलेलं तापमान खरं आहे हे कसं पडताळायचं? आमच्याकडे कॅलिब्रेटर नाही.

वर्कशॉप_जळगाव

मॅडम, पत्रकात के थर्मोकपल सिरॅमिक म्यानाचं (रिक्रिस्टलाइज्ड ॲल्युमिना) लिहा, आणि केबलचा कलर कोड लिहून घ्या: अमेरिकन पद्धतीत पिवळी प्लस, लाल मायनस. लाल म्हणजे प्लस समजून उलटी लावली जाते. खात्री नसेल तर थर्मोकपलच्या पायांना चुंबक लावा, चिकटतो तो मायनस.

पडताळणीचं साधन आपल्या सराफात आहे. ९९९ शुद्धतेची चांदीची अर्धा मिमी तार सेंटिमीटरभर घ्या. दागिन्याची नको, तिच्यात तांबं असतं. ॲल्युमिनाच्या तुकड्यावर ती थर्मोकपलच्या टोकाला जवळजवळ टेकून ठेवा. ९३५ वर २० मिनिटं, थंड करून बघा. मग ९४५, ९५५, ९६५. ज्या पायरीला तारेचा गोळा होतो ते लिहा. शुद्ध चांदी ९६१.८ ला वितळते, हवेत ऑक्सिजन शोषून साधारण १० अंश आधीच, म्हणून गोळा ९५५ किंवा ९६५ च्या पायरीला व्हायला हवा. ९३५ लाच गोळा झाला तर थर्मोकपल कमी दाखवतंय. ९७५ पर्यंतही तार शाबूत राहिली तर जास्त दाखवतंय. मीठ (८०१) किंवा जस्त वापरू नका. मिठाचं क्लोराइड नव्या तारेवर जाईल, आणि जस्तावर ऑक्साइडची साल धरते, आत वितळलेलं दिसत नाही. ॲल्युमिनियमचंही तसंच.

सोबत मिलिव्होल्टचीही तपासणी करा. कंट्रोलर ९०० दाखवत असताना कंट्रोलरच्या टर्मिनलवर मीटर लावा. के टाइपचे ९०० ला ३७.३३ मिलिव्होल्ट, त्यातून टर्मिनलच्या तापमानाचे वजा. टर्मिनल ३० अंशांवर असेल तर १.२० वजा करून ३६.१२ यावेत. ते आले आणि चांदी चुकली तर दोष थर्मोकपलात. ते आले नाहीत तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये इनपुट टाइप के केलाय का पाहा, बऱ्याचदा तो 'जे' टाइपवर असतो.

चांदी पुढं, मधे, मागं अशी तीन जागी ठेवलीत तर भट्टीचा सारखेपणाही कळतो. दाराकडची तार मागच्यापेक्षा एक पायरी उशिरा वितळली तर चालेल, दोन पायऱ्या उशिरा वितळली तर दाराची दोरी बदला.

आणि भट्टीवर एक वही बांधून ठेवा: थंड रेझिस्टन्स, क्लॅम्प मीटरवरचा करंट आणि त्या वेळचं व्होल्टेज, ९०० ला पोचायला लागलेली मिनिटं. दर सत्राच्या सुरुवातीला. रेझिस्टन्स पहिल्या दिवसापेक्षा १० टक्क्यांनी वाढला, म्हणजे २६.४ चा २९ झाला, की तार पातळ होत चालली आहे. तेव्हाच पुढची २०० ग्रॅम मागवून ठेवा.